तळघर राहतं करायचंय? झाकण्याआधी हे सगळं ठरवा

घरात जागा कमी पडायला लागली की नजर शेवटी तळघराकडे वळते. भिंती उभ्या आहेत, वर स्लॅब आहे, जिनाही आहे. फरशी, रंग आणि दिवे झाले की एक आख्खी खोली वाढली, असा हिशोब मनात पक्का बसतो. तो अगदीच खोटा नाही. पण वरच्या खोलीच्या भिंतीपलीकडे हवा असते आणि तळघराच्या भिंतीपलीकडे माती. त्या मातीत पाणी मुरतं, साचतं आणि आत यायला वाट शोधत राहतं. म्हणून वरच्या मजल्यावर खोली काढण्याचा अनुभव इथे फार कामाला येत नाही.

तळघराचं फिनिशिंग हे मुळात झाकण्याचं काम आहे. काँक्रीट, पाइप, वायरी, सगळं बोर्डाच्या आणि फरशीच्या आड जातं. नंतर काही बिघडलं तर आधी चांगलं केलेलं काम फोडावं लागतं. तेव्हा नियोजन करताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: आता जे झाकतोय, त्याचं सगळं मिटलंय ना?

१. खोली कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

‘बघू, काहीतरी मल्टिपर्पज करू’ हे उत्तर सोयीचं वाटतं, पण त्यावरून ना प्लंबरला काही कळतं ना वायरमनला. झोपायची खोली असेल तर आणीबाणीत बाहेर पडायला खिडकी लागते. व्यायामाची खोली असेल तर उंची लागते. ऑफिस असेल तर उजेड आणि शांतता लागते. सिनेमा बघायची खोली असेल तर खिडकी नसली तरी चालतं, उलट बरंच. आई-वडिलांसाठी खोली असेल तर जिन्याचा विचार सगळ्यात आधी, आणि बहुतेक वेळा तिथेच तो बेत सोडून द्यावा लागतो.

कागदावर एक वाक्य लिहा आणि खाली ‘नक्की हवं’, ‘असलं तर बरं’ अशा दोन याद्या करा. बजेट ताणलं गेलं की दुसऱ्या यादीतून कापायचं, पहिलीला हात लावायचा नाही.

२. ओल: इथे घाई करू नका

शक्य असेल तर एक पूर्ण पावसाळा, किंवा तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर तो वितळण्याचा काळ, तळघर रिकामं ठेवून नुसतं बघा. कोरड्या दिवसांत कोणतंही तळघर शहाण्यासारखं वागतं. खरी परीक्षा सलग तीन-चार दिवस झड लागली की होते.

बघायचं काय? भिंतीवर खाली पांढरी, मिठासारखी पावडर दिसते का? हा लोणा. पाणी काँक्रीटमधून आत येताना क्षार सोबत आणतं, पृष्ठभागावर ते उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे आज भिंत हाताला कोरडी लागली तरी लोणा दिसला की पाण्याची ये-जा आहे हे नक्की. जुन्या रंगाचे पोपडे सुटलेत का, लाकडी कपाटाचे पाय काळे पडलेत का, खांबांच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी पायांना गंज आहे का, दार उघडल्या उघडल्या कुबट वास येतो का, हेही टिपून ठेवा. भिंत आणि जमीन जिथे मिळते तो सांधा टॉर्च आडवा धरून चारही बाजूंनी पाहा. भिंत आणि कोबा सहसा वेगवेगळ्या वेळी ओतलेले असतात, त्यामुळे हा सांधा कधीच एकसंध नसतो आणि पाणी बहुधा तिथूनच डोकावतं.

एक सोपी चाचणी घरच्या घरी होते. दीड फूट बाय दीड फूट आकाराचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या. जमिनीवर एक जागा स्वच्छ पुसून, वाळवून तो तुकडा पसरा आणि चारही कडा रुंद टेपने अशा चिकटवा की हवा आत-बाहेर जाणार नाही. असाच एक तुकडा भिंतीवर, खालच्या अंगाला लावा. एक-दोन दिवस थांबून काढा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे काँक्रीटकडच्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं असेल, तर ओल मातीतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ गार पृष्ठभागावर जमली आहे. या दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून हा फरक समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि ही चाचणी ओल्या दिवसांत करा; कोरड्या दिवसांत मिळालेला ‘पास’चा शेरा फारसा उपयोगाचा नाही.

हवेतल्या वाफेचं गणित थोडं समजून घेतलं तर पुढचे बरेच निर्णय सोपे जातात. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो आकडा, सुमारे २४ अंश असतो. तळघराची भिंत २२ अंशांवर असेल तर ती हवा भिंतीला लागली की पाणी सुटणारच. म्हणजे दमट दिवसांत ‘जरा हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या की तळघर वाळत तर नाहीच, आणखी ओलं होतं. एक साधं आर्द्रतामापक यंत्र आणून ठेवा. आकडा सतत ६० च्या वर राहत असेल तर बुरशीला आमंत्रण आहे. ५० च्या आसपास असला तर उत्तम.

आता मातीतून येणाऱ्या पाण्याचं. काँक्रीट माठासारखं असतं, फुटलेलं नसतानाही झिरपतं. त्यातून बाहेर पाणी साचलं तर दाब येतो. भिंतीबाहेर १ मीटर उंचीचं पाणी उभं राहिलं की तळाशी दर चौरस मीटरला जवळजवळ १ टन दाब पडतो. अशा दाबाला आतून लावलेला साधा वॉटरप्रूफ रंग पुरत नाही, पाणी त्याला मागून ढकलतं आणि फुगे येऊन तो सुटतो. सिमेंटमध्येच मुरणारी किंवा स्फटिकं तयार करणारी लेपणं आतून टिकतात, पण तीही शेवटची फळी म्हणून.

पहिली फळी घराबाहेर असते, आणि ती सगळ्यात स्वस्त असते. छताच्या पन्हळीचं पाणी कुठे पडतं ते पाऊस चालू असताना छत्री घेऊन बघा. पाइप भिंतीच्या पायाशीच मोकळा सोडलेला असेल तर आख्ख्या छताचं पाणी तुम्ही स्वतःच तळघराच्या भिंतीला पाजताय. पाइप वाढवून पाणी पाच-सहा फूट लांब न्या. भिंतीलगतच्या जमिनीला बाहेरच्या दिशेने ढाळ द्या. पहिल्या १० फुटांत ६ इंच हे चांगलं माप आहे. भिंतीला चिकटून केलेले फुलांचे वाफे हलवा. आत ओल दिसणाऱ्या कित्येक घरांत एवढ्यानेच बराच फरक पडतो, आणि मोठ्या वॉटरप्रूफिंगचं कोटेशन मागवण्याआधी हे करून एक पावसाळा बघणं शहाणपणाचं.

तेवढ्याने भागलं नाही तर मग पुढचे उपाय: बाहेरून खणून भिंतीला वॉटरप्रूफिंग आणि तळाशी छिद्रांचा निचरा-पाइप, किंवा आतून भिंतीलगत चर काढून पाणी एका खड्ड्यात गोळा करायचं आणि पंपाने बाहेर फेकायचं. पंप बसवलात तर तीन गोष्टी विसरू नका: बाहेर फेकलेलं पाणी परत येऊ नये म्हणून वन-वे व्हॉल्व्ह, पाणी वाढल्यावर वाजणारा अलार्म, आणि बॅटरीवर चालणारी पर्यायी सोय. वीज जाते तीच नेमकी वादळी पावसात.

भेगांबद्दल थोडक्यात. केसासारखी उभी भेग बहुधा काँक्रीट आकसल्याची असते, ती भरता येते. भिंतीच्या मध्यावर आडवी भेग आणि भिंत आत फुगल्यासारखी दिसत असेल तर बाहेरची माती तिला ढकलते आहे. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांची तिरकी भेग असेल तर पाया खचल्याची शंका घ्यावी. या शेवटच्या दोन्ही प्रकारांत गवंड्याला नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं.

३. उंची: मोजा, मग वजाबाकी करा

आजची उंची आणि काम झाल्यावरची उंची यांत बरंच अंतर पडतं. कोब्यापासून स्लॅबपर्यंत मोजा, पण त्याबरोबर सगळ्यात खाली लोंबणाऱ्या गोष्टीपर्यंतही मोजा: बीम, ड्रेनेजचा पाइप, एसीची डक्ट. मग वजा करत जा. फरशीखालचा थर आणि फरशी मिळून एक-दीड इंच. टांगलेलं फॉल्स सीलिंग तीन-चार इंच. उरलेला आकडा कायद्यात बसतो का ते बघा. अमेरिकेतल्या निवासी संहितेत राहत्या तळघराला किमान ७ फूट मोकळी उंची मागितली आहे; भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत तळघरासाठी किमान २.४ मीटर, म्हणजे साधारण ७ फूट १० इंच. तुमच्या गावचा नियम वेगळा असू शकतो, पण ७ फुटांच्या खाली गेलं की नियम काहीही असो, डोक्यावर ओझं आल्यासारखं वाटतंच.

व्यायामाच्या खोलीचं उदाहरण घ्या. ७ फूट म्हणजे ८४ इंच. ट्रेडमिलचा पट्टा जमिनीपासून सुमारे ८ इंच वर असतो. त्यावर ५ फूट १० इंचाचा माणूस उभा राहिला की ७८ झाले. धावताना तो उसळतो, त्याचे तीन-चार इंच धरा. उरले दोनच. त्यात वर दिव्याची कडा असेल तर ट्रेडमिल कपडे वाळत घालायच्याच कामाची.

उंची कमी पडते म्हणून कोबा फोडून जमीन खाली नेण्याची कल्पना कोणीतरी सुचवतंच. पायाच्या शेजारची माती काढली तर पाया खचू शकतो. हे काम होतं, पण टप्प्याटप्प्याने पायाखाली नवा पाया भरत नेऊन, इंजिनिअरच्या डिझाइनवर, आणि त्याचा खर्च बाकी सगळ्या कामाला मागे टाकू शकतो.

४. बाहेर पडायची दुसरी वाट

आगीत धूर जिन्याने वर चढतो, आणि तळघरातून बाहेर यायची वाटही तोच जिना. तिथे कोणी झोपणार असेल तर दुसरी वाट हवीच. ती ‘असलं तर बरं’च्या यादीत ढकलू नका.

दुसरी वाट म्हणजे थेट बाहेर उघडणारं दार किंवा माणूस बाहेर पडू शकेल एवढी खिडकी. अमेरिकी संहितेतली मापं इथे नमुना म्हणून उपयोगी आहेत: उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि खिडकीचा खालचा काठ आतल्या फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. यात एक खोच आहे. २० बाय २४ इंचाची खिडकी घेतली तर क्षेत्रफळ भरतं जेमतेम ३.३ चौरस फूट. म्हणजे दोन्ही किमान मापं पाळूनही खिडकी नापास. रुंदी २० इंचच ठेवायची असेल तर उंची ४१ इंचांच्या वर न्यावी लागते. शिवाय हे माप चौकटीचं नाही, उघडलेल्या जागेचं. सरकत्या खिडकीची निम्मी बाजू कायम बंदच असते, त्यामुळे ती दुकानात मोठी दिसते आणि मोजायला गेलं की लहान ठरते. बिजागरीवर पूर्ण उघडणारी खिडकी या कामाला बरी.

खिडकी जमिनीच्या पातळीखाली असेल तर बाहेर खोदलेली विहीरवजा जागा लागते. त्यात माणूस उभा राहून वर चढू शकला पाहिजे, खोल असेल तर शिडी बसवलेली हवी, आणि तळाला निचरा हवा. निचरा नसला तर ती जागा पावसात भरते आणि खिडकीतूनच पाणी आत येतं. ग्रिल लावणार असाल तर आतून किल्लीशिवाय उघडणारं लावा. काँक्रीटची भिंत कापून नवी खिडकी पाडणं हे बांधकामाचं काम आहे, वर लिंटेल, म्हणजे भिंतीचं वजन पेलणारी आडवी पट्टी लागते. परवानगी आणि इंजिनिअर दोन्ही आले.

५. परवानगी

कंटाळवाणं आहे, पण आधी करा. बऱ्याच ठिकाणी तळघराला साठवण, पार्किंग, यंत्रसामग्री एवढ्याच वापराची मुभा असते आणि राहायची खोली काढायला बंदी असते. तसं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. ‘आतलं काम आहे, कोण बघतंय’ असं सांगणारा कंत्राटदार भेटेल. घर विकताना खरेदीदाराचा वकील बघतो, आणि नुकसानभरपाई मागितली की विमा कंपनी बघते. सोसायटी किंवा सामायिक इमारत असेल तर तळघर नक्की कोणाच्या मालकीचं आहे हेही कागदावर तपासा.

६. रेडॉन

हा वायू दिसत नाही, वासही येत नाही. जमिनीतल्या युरेनियमच्या क्षयातून तो तयार होतो आणि भेगांमधून तळघरात साचतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचं नाव घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सार मोजायचं एकक) आहे. त्याचं प्रमाण जागोजाग बदलतं, शेजारच्या घराचा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. चाचणीचं किट महाग नसतं, ते काम सुरू होण्याआधी लावा. प्रमाण जास्त निघालं तर कोब्याखालची हवा ओढून छतावर सोडणारा पाइप आणि पंखा हा उपाय आहे. तो पाइप भिंती उघड्या असताना टाकायला सोपा, नंतर टाकायचा तर नवी फरशी आणि नवं सीलिंग भोकसावं लागतं. काम झाल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण बंद खोलीचं गणित बदललेलं असतं.

७. आता नकाशा

आर्किटेक्टकडे जाण्याआधी स्वतः एक आराखडा काढा. त्यावर सर्वात आधी न हलणाऱ्या गोष्टी मांडा: कॉलम, बीम, जिना, ड्रेनेजचा मुख्य पाइप, पाण्याचा मुख्य कॉक, वीजमीटर किंवा मुख्य पॅनल, बॉयलर किंवा गीझर, पंपाचा खड्डा. कॉलम मधोमध येतो म्हणून काढता येत नाही, तो वरचं घर पेलतोय. त्याच्याभोवती कपाट, काउंटर किंवा विभाजनाची भिंत बसवली तर तो आपोआप योजनेत मिसळतो.

या यंत्रांना मोकळी जागा ठेवा. वीज पॅनलसमोर तीन फूट मोकळे असलेच पाहिजेत. गीझर किंवा बॉयलर कधीतरी बदलावा लागेल, तेव्हा तो दारातून बाहेर निघाला पाहिजे. गॅसवर चालणारं उपकरण हवाबंद खोलीत कोंडू नका. त्याला ज्वलनासाठी हवा लागते, ती मिळाली नाही तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो.

साठवणीची जागाही काढून ठेवा. तळघरातलं जुनं सामान जाणार कुठे, हे न ठरवता काम सुरू केलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय; सगळं गॅरेजमध्ये जातं आणि तिथेच राहतं.

आणखी एक: जिन्याचं वळण मोजा. जिप्सम बोर्ड ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद असतो आणि तो वाकत नाही. सोफाही वाकत नाही.

८. बाथरूम हवं असेल तर

पाणी खालून वर जात नाही, इथेच सगळी मेख आहे. ड्रेनेजला फुटामागे पाव इंच ढाळ लागतो. घराचा मुख्य ड्रेनेज तळघराच्या जमिनीखालून जात असेल तर कोबा फोडून त्याला जोड घेता येतो. मुख्य पाइप भिंतीतून वरच्या पातळीवर बाहेर पडत असेल तर मैला वर चढवणारा पंप बसवावा लागतो. तो चालतो, पण त्याचा आवाज, देखभाल आणि वीज यांची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट प्लंबर आपणहून सांगेलच असं नाही. रस्त्यावरची मुख्य गटार तुंबली तर घाण पाणी उलटं येतं आणि घरातल्या सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. बाथरूम केल्यावर ते तोंड तुमच्या तळघरात असतं. उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवा, आणि तो उघडून साफ करता येईल अशा जागी बसवा.

बाथरूम आत्ता परवडत नसेल पण पुढेमागे हवं असेल, तर निदान पाइप टाकून तोंडं बंद करून ठेवा.

९. भिंती, फरशी, छत

भिंतीत काय टाळायचं ते आधी. उष्णतेची ये-जा अडवण्यासाठी काचतंतूंची रजई थेट काँक्रीटला लावून वर प्लास्टिकचा कागद ठोकायचा, ही जुनी पद्धत अजूनही दिसते. खोलीतली दमट हवा फटीतून मागे जाते, गार काँक्रीटवर पाणी होतं, रजई भिजते आणि प्लास्टिकमुळे वाळत नाही. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही तर बुरशी धरायला लागते. त्यापेक्षा कडक फोमच्या शीट काँक्रीटला चिकटवून सांधे टेपने बंद करावेत, आणि त्यापुढे चौकटीची भिंत उभी करून जिप्सम बोर्ड लावावा. फोम उघडा ठेवू नका, तो पेटतो. चौकट लाकडाची असेल तर काँक्रीटला टेकणारी खालची पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची घ्या. लोखंडी पत्र्याची चौकट असेल तर कुजण्याचा प्रश्नच नाही. बोर्ड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर पुसायचं पाणीसुद्धा तो वर ओढून घेतो. ती फट पट्टीआड झाकली जाते.

फरशीसाठी टाइल किंवा पाण्याने न फुगणारं व्हिनाइल. अस्सल लाकूड नको. भिंत ते भिंत गालिचाही नको, कितीही उबदार वाटला तरी. सुटा गालिचा टाका, भिजला तर उन्हात नेता येतो.

छताचे तीन मार्ग आहेत. जिप्समचं सपाट छत दिसायला छान, उंची कमी खातं, पण पाइप गळाला तर कापावं लागतं. चौकोनी टाइलचं टांगलेलं सीलिंग जास्त उंची खातं, पण कुठलीही टाइल उचलून वर हात घालता येतो. तिसरा मार्ग म्हणजे काहीच न झाकता सगळं एका गडद रंगात रंगवून टाकणं. उंची कमी असेल तर मी हाच सुचवेन, अर्थात वरच्या मजल्यावरचा पावलांचा आवाज सहन होत असेल तर. जिप्सम केलंत तर प्रत्येक व्हॉल्व्ह आणि सफाईच्या झाकणापाशी उघडणारं दार ठेवा.

१०. वीज, उजेड, हवा

तळघरासाठी पॅनलमधून स्वतंत्र सर्किट घ्या आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच ती तोडणारं बटण, लावा; जमीन ओलसर असू शकते तिथे यात काटकसर नको. पाणी शिरण्याची शक्यता असेल तर सॉकेट नेहमीपेक्षा वर घ्या. जिन्याच्या दिव्याला वर आणि खाली दोन्हीकडे बटण हवं. मधोमध एकच झगझगीत दिवा लावला की कोपरे अंधारे राहतात आणि खोली तळघरच वाटते. लहान लहान दिवे वाटून लावा आणि काही उजेड भिंतींवर पडू द्या. धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म असे घ्या की एक वाजला की वरच्या मजल्यावरचेही वाजतील. हवेसाठी आत येणारी आणि बाहेर जाणारी, दोन्ही वाटा लागतात. नुसता एसी तीच हवा फिरवतो.

११. पैसे आणि माणसं

एकूण अंदाजावर १५ ते २० टक्के रक्कम बाजूला ठेवा आणि ती नाहीच असं समजा. कोबा फोडल्यावर खाली काय निघेल ते कोणालाच ठाऊक नसतं.

कोटेशन तीन घ्या, पण तिघांना तीच लेखी यादी देऊन. नाहीतर एकाच्या आकड्यात वॉटरप्रूफिंग धरलेलं असतं, दुसऱ्याच्या नसतं, आणि स्वस्त कोण ते कळतच नाही. ‘आतून एक कोट मारला की ओल गायब’ असं भिंत न बघता सांगणाऱ्याला चहा देऊन निरोप द्या. पैसे टप्प्याटप्प्याने, काम तपासून द्यायचे, आणि शेवटचा हप्ता पुरेसा मोठा ठेवायचा, म्हणजे राहिलेली बारीकसारीक कामं करायला माणूस परत येतो.

१२. कामाचा क्रम

बाहेरचा निचरा आणि वॉटरप्रूफिंग. त्यावर एक दमदार पाऊस. मग कोबा फोडून प्लंबिंग आणि रेडॉनचा पाइप. नवीन ओतलेलं काँक्रीट वाळायला वेळ द्या, इंचाला साधारण महिना असा ठोकताळा आहे. त्यानंतर खिडकी, इन्सुलेशनचा फोम, चौकटी, वायरिंग, हवेच्या डक्ट. इथे थांबून तपासणी. मग बोर्ड, पुट्टी, दारं, रंगाचा पहिला हात, फरशी, पट्ट्या, रंगाचा शेवटचा हात, दिवे-बटणं.

तपासणी झाल्यावर आणि बोर्ड लागण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. प्रत्येक भिंतीला मोजपट्टी आडवी लावून तिच्यासकट फोटो काढा, एकेक भिंत डावीकडून उजवीकडे, छतही सोडू नका. वायर कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे, पाइप कुठून वळलाय, हे फोटोत वाचता आलं पाहिजे. पुढे टीव्ही टांगायला ड्रिल हातात घेतलं की या फोटोंची किंमत कळते. फोटो फोनमध्येच न ठेवता छापून पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा, म्हणजे उद्या येणाऱ्या वायरमनलाही सापडतील.

१३. काम झाल्यावरचं पहिलं वर्ष

कपाटं बाहेरच्या भिंतीला घट्ट टेकवू नका, दोन बोटं हवा खेळू दे. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवू नका. आर्द्रतामापक खोलीतच राहू द्या आणि ओल्या दिवसांत आकडा बघत जा. आर्द्रता शोषणारं यंत्र घ्यायचं तर त्याची नळी थेट निचऱ्याला जोडा. बादलीवर ठेवलं की बादली भरते, यंत्र आपोआप बंद पडतं आणि तुम्ही गावाला गेलेले असता.